तिसरं मत

आमच्या शेजारच्या इंगोले काकाजींना शिंक आली, तरी तिघांना विचारल्याशिवाय ते रुमाल काढायचे नाहीत. मी थोडं तिखटमीठ लावून सांगते आहे, हे कबूल. पण तुम्ही आमच्या कॉलनीत चार दिवस राहिला असता, तर तुम्ही याहून जास्त लावलं असतं.

मी अमरावतीला एका ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्यामुळे जगात जे जे हिरवं, ते ते काकाजींच्या लेखी माझ्या खात्यातलं. विरजण मागायला आले की मी 'ताई' असते. पण चपला बाहेर काढून, हात मागे बांधून ते दारात उभे राहिले आणि 'मॅडम' म्हणाले, की मी काय ते समजते. "मॅडम, तुमचं मत पाहिजे होतं." मग मागचे हात पुढे येतात. कधी त्यात पिवळी पडलेली मेथी असते, कधी सांबाराची जुडी, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. एकदा तर गच्चीवरच्या टाकीतलं शेवाळ वाटीत घालून आणलं होतं. माझे हात कणकेत, कॉलेजची वेळ झालेली, आणि हे शांतपणे विचारून राहिले, "हे इषारी असन का साधं असन?"

बरं, सांगून सुटका होईल म्हणाल, तर तेही नाही. एका मतावर काकाजी काही करतील तर शपथ. त्यांच्या कुंडीतल्या गोडलिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, पानं गळायला लागली तेव्हा मी म्हटलं, पाणी कमी घाला. ते लगेच कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, पाणी वाढवा. एकाला एक झालं. "आता तिसरं मत येऊ द्या, मंग पाहू." तिसरं मत होतं एका नर्सरीवाल्याचं, आणि तो मेहुणीच्या लग्नाला परगावी गेला होता. तो परत येईपर्यंत काकाजींनी कुंडीला पाणी कमी घातलं नाही, जास्तही घातलं नाही. म्हणजे घातलंच नाही. नर्सरीवाला आला, कुंडीकडे पाहून म्हणाला, "काकाजी, हे तं मेलं." काकाजी मला निरोप द्यायला आले. "तिसरं मत आलं, मॅडम."

या खोडीचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. काकाजी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी यार्डात आली की तिच्यातून तीन ठिकाणचा कापूस उपसायचा, वरून, मधून आणि तळातून. वरचा नेहमीच पांढराशुभ्र असतो. ओला नाहीतर कचरा झालेला माल असतो तो मध्ये दडवलेला. तिन्ही पुंजके चिमटीत धरून ओढायचे, धागा किती लांब निघतो ते पाहायचं, मग ग्रेड द्यायची. "एका पुंजक्यावर गाडी पास करनारा मानूस गेला कामातून," असं ते सांगत. त्यांना फसवून कोणी ओला कापूस घातल्याचं ऐकिवात नाही. यार्डात त्यांच्या शब्दाला मान होता, आणि तो योग्यच होता. घोळ इतकाच झाला की त्यांनी पुढे संसारातली प्रत्येक गोष्ट कापसाची गाडीच धरली.

कुसुमकाकू, म्हणजे त्यांची बायको, अगदी उलट. सातवीपर्यंत शिकलेल्या, ठसठशीत कुंकू, आणि कपाळाला आठी घालायची वेळच कधी न आलेली बाई. नवऱ्याच्या सगळ्या सल्लामसलतीवर त्यांचं एकच वाक्य असायचं. "अवो, हे काय इचाराची गोष्ट हाये?" पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, आणि लाटणं थांबत नसे.

लग्नाच्या वाढदिवसाला काकूंना साडी घ्यायची होती. काकाजी काकूंचा फोटो घेऊन आधी एका साडीच्या दुकानात गेले, मग ब्लाउज शिवणाऱ्या बाईंकडे, मग शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांकडे. आयुष्यात पहिल्यांदा तिन्ही मतं जुळली. रंग ठरला राखाडी. काकूंना आवडायचा पोपटी. त्यांनी साडी पाहिली, होती तशी घडी घातली आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं. तसा आठवडा गेल्यावर काकाजी घाबरले आणि नवराबायकोची भांडणं सोडवणाऱ्या एका समुपदेशक बाईंकडे जाऊन आले. संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीशी उभं राहून मला सांगत होते, चेहरा पडलेला. "एवढी शिकलेली बाई, अन् मत काय देते, तं बायकोलेच इचारा म्हने कोनता रंग आवडते तं. याले काय तज्ज्ञ म्हनाव?"

आत काकू हे ऐकत होत्या. त्या इतक्या हसल्या, की अबोला तिथेच संपला. राखाडी साडी पुढे उन्हाळ्यात कुरड्यांवर झाकायला निघायची.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. आम्ही कॉलनीतले लोक एकमेकांना 'तिसरं मत आलं का' म्हणून चिडवायचो. आमच्या घरी फ्रिज घ्यायचा की नाही यावर हे, म्हणजे माझे यजमान, दोन दिवस गप्प बसले की मी 'इंगोले झालात का' विचारायची. मग वैशूचं लग्न झालं आणि ती चेष्टा हळूहळू बंद पडली.

वैशू त्यांची एकुलती एक मुलगी. अकोल्याला फार्मसी शिकली आणि तिथेच एका दवाखान्याच्या औषधाच्या दुकानात नोकरीला लागली. दिवाळीला घरी आली तेव्हा तिने जेवताना सांगितलं, की तिला निखिल नावाच्या मुलाशी लग्न करायचं आहे. मुलगा शाळामास्तर, स्वभावाने गरीब, पण समाज वेगळा. काकू म्हणाल्या, पोरगा पाहून घ्या अन् हो म्हणून टाका. काकाजी म्हणाले, "पाहतो." वैशू अकोल्याला परत गेली. पुढे कितीतरी दिवस काकाजींकडून हूं नाही की चूं नाही. आणि हरभरा निघायच्या सुमारास एक दिवस तिने मित्रमैत्रिणींना साक्षीला घेऊन कचेरीत लग्न केलं.

त्या संध्याकाळी मी कॉलेजातून येत होते. काकाजी एसटी स्टँडकडून चालत येताना दिसले. धोतर धुळीने माखलेलं, आणि हातात पेढ्यांचा बॉक्स. मी विचारलं, "काय विशेष, काकाजी?" ते म्हणाले, "सांगतो ना, घरी जाऊन सांगतो." ते घरात गेले आणि जरा वेळाने काकूंच्या रडण्याचा आवाज आला. वैशूचा फोन दुपारीच येऊन गेला होता. पेढे काही आम्हाला मिळाले नाहीत. दोन दिवसांनी तो बॉक्स कचऱ्याच्या बादलीत दिसला, मुंग्यांनी भरलेला.

कॉलनीने निकाल देऊन टाकला. इंगोले दिसतो साधा, पण जातीचा पक्का निघाला, पोरीला तोडली त्यानं. मलाही तसंच वाटलं. समोर वाळलेल्या गोडलिंबाची कुंडी होती, तरी आमच्या एकाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

काकू मात्र मधूनमधून अकोल्याला जात. नवऱ्याला सांगून जायच्या की दातांच्या डॉक्टरकडे जाते. अमरावतीत दातांचे डॉक्टर काय कमी आहेत, बाप्पा? पण तिघांना विचारल्याशिवाय खिडकी न उघडणाऱ्या काकाजींनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. उलट संत्र्यांच्या दिवसांत ते काकूंच्या पिशवीत निवडून निवडून संत्री भरायचे. "घेऊन जा, डॉक्टरले देजो." दात दुखणाऱ्या बाईने डॉक्टरला संत्री कशाला न्यायची, हे आम्ही विचारलं नाही.

मग काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं. सकाळी अंगणात चक्कर येऊन पडल्या, आणि त्या दिवशी काकाजींनी कोणालाही विचारलं नाही. ऑटो थांबवला आणि दिसला त्या पहिल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण आला होता, कुठेही नेलं असतं तरी हेच झालं असतं. काकाजींनी ऐकून घेतलं. पण नंतर मला म्हणाले, "जनमभर इचारलं, मॅडम. एकदाच नाही इचारलं, अन् पाहा."

वैशू आली, तेरा दिवस राहिली. बापलेकीत जे बोलणं झालं ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. "चहा घे." "हव." याच्या पलीकडे काही नाही. चौदाव्या दिवशी ती बॅग घेऊन निघाली तेव्हा काकाजी फाटकापर्यंत आले आणि मला विचारलं, "आता अकोल्याची गाडी भेटन का?" तिला विचारलं नाही, मला विचारलं.

त्यानंतर त्यांचं मत मागणं असं वाढलं की आम्ही खरोखर वैतागलो. वरणाला किती शिट्ट्या? उशीची खोळ कितीदा धुवावी? रविवारी कोणती भाजी करावी? बेल वाजली की हे पेपर तोंडावर धरायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "काकाजी, कढीला फोडणी आधी द्यायची की नंतर, हे तुम्हाला या वयात माहीत नाही?" ते म्हणाले, "माहीत हाये ना. पण खात्री करून घेतलेली बरी." मग माझ्या सासूबाईंनी त्यांना आत बोलावलं आणि फोडणी या एका विषयावर चहा होईपर्यंत व्याख्यान दिलं. काकाजी मान हलवत शेवटपर्यंत बसून होते. अकोल्याला वैशूला मुलगी झाल्याचं कानावर आलं तेव्हाही ते सासूबाईंशी कढीबद्दलच बोलत राहिले.

यंदा अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, जावयाला अनारसे द्यायचा. ऊन असं की कावळ्याने सावली सोडू नये. सकाळी काकाजी दारात उभे, हात मागे. पुढे आणले तर त्यात भिजवलेल्या तांदळाचं पातेलं.

"मॅडम, याचं पानी रोज बदलावं लागते का?"

मी पातेल्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "कशासाठी, काकाजी?"

"धोंडे हायेत ना." आणि ते आमच्या तुळशीच्या कुंडीकडे टक लावून पाहायला लागले. "तुळस चांगली वाढली तुमची."

हा विषय माझ्या खात्यातला नव्हता. मी त्यांना सासूबाईंकडे पाठवलं. सासूबाईंच्या अंगात आलं. पाणी रोज बदला, तांदूळ फडक्यावर सुकवा, पण पार कोरडा करू नका, ओलसर असतानाच कुटा, गूळ घालून गोळा डब्यात मुरू द्या. घाई केली तर अनारसे तुपात हसतात. "हासतात म्हंजे?" काकाजींनी विचारलं. म्हणजे विरघळून, फुटून पसरतात, हे कळल्यावर ते गंभीर झाले आणि दुसऱ्या मतासाठी लग्नात स्वयंपाक करणाऱ्या एका आचाऱ्याकडे गेले. आचारी म्हणाला, पिठात थोडं पिकलं केळं घाला, एकही हसणार नाही. सासूबाई हे ऐकून संतापल्या. केळं घालायचं तर शिकरण करा म्हणाल्या.

एकाला एक झालं. मी वाट पाहत होते की आता तिसरं मत निघेल आणि तांदूळ सडून जाईल. पण एक दिवस काकाजींच्या घरातून तुपाचा वास आला. मी डोकावले. शेगडीसमोर काकाजी, घामाने निथळत, आणि ताटात तुपकट चुरा. पहिला घाणा सगळाच्या सगळा हसला होता.

"तिसरं मत नाही घेतलं?" मी सहज चेष्टेने विचारलं.

त्यांनी झारा खाली ठेवला. "तिसरं मत कुसुमचं होतं, ताई. इतकी वर्सं तिच्या हातचे खाल्ले. कसे करते, हे तिले कधी इचारलंच नाही. घरात तज्ज्ञ होती, अन् मी गावभर हिंडलो."

मी पदर खोचला, सासूबाईंना हाक मारली, आणि आम्ही तिघांनी मिळून उरलेल्या पिठाचे अनारसे तळले. निम्मे जमले, निम्मे हसले.

मला उत्तरपत्रिकांच्या कामासाठी अकोल्याला जायचंच होतं. म्हटलं, चला माझ्याबरोबर, नाहीतर कोणत्या गाडीने जावं हे विचारण्यातच अधिक महिना संपेल. बडनेरा स्टेशनवर त्यांनी चहावाल्याला विचारलं, हमालाला विचारलं, एका पोलिसालाही विचारलं, की हीच गाडी अकोल्याला जाते ना. तिघेही हो म्हणाले, तेव्हा चढले. डबा फडक्यात बांधून मांडीवर.

गाडी सुटली, आणि समोरच्या बाकावरच्या बाईंना काकाजी म्हणाले, "तुमचं एक मत पाहिजे होतं." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. वऱ्हाडात गाडीत बसलेल्या माणसाला मत मागायचं म्हणजे काय, सांगून सोय नाही. अख्खा डबा सरकून जवळ आला. पोरगी रागावलेली, बाप पहिल्यांदा तिच्या घरी चाललेला, दार उघडल्यावर काय बोलावं? त्या बाई म्हणाल्या, "दारातच रडून द्या, भाऊ. पोरीचं मन पाघळते." त्यांच्या शेजारचा टोपीवाला म्हणाला, "बिलकुल नाही. बाप मानसानं बापासारखं राहावं. आत जाऊन सरळ पानी मांगावं." काकाजी तिसऱ्याकडे वळले. त्या भल्या माणसाने घसा खाकरला, तेवढ्यात मूर्तिजापूर आलं आणि तो पिशवी उचलून उतरून गेला.

काकाजी माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं?"

"काकाजी, मी झाडं शिकवते," मी तुटकपणे म्हटलं. ते डब्याच्या गाठीशी चाळा करत राहिले, आणि मला लगेच वाईट वाटलं.

वैशूचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दाराबाहेर लहान मुलीच्या चपला. काकाजी त्या चपलांकडे इतका वेळ पाहत राहिले, की शेवटी बेल मीच दाबली. आत कूलर घरघरत होता. दार उघडलं. वैशूच. काकूंसारखीच उभी राहण्याची ढब, एक हात चौकटीवर.

रडायचं, की पाणी मागायचं? काकाजींनी दोन्ही केलं नाही. डबा दोन हातांत धरून ते म्हणाले, "वैशू, मी आत येऊ का?"

तिने चौकटीवरचा हात काढला. मग म्हणाली, "हे काय इचाराची गोष्ट हाये, बाबा?"

अगदी काकूंचा आवाज, तोच हेल. काकाजींनी दचकून मागे जिन्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि आत गेले. त्यांच्या मागे मीही गेले.

निखिल चांगला मुलगा आहे. पाया पडला, काकाजींना कूलरसमोर बसवलं, आणि अनारशांच्या डब्यातला एक फुटलेला अनारसा उचलून खाल्ला. "छान झाले," म्हणाला. त्याला बिचाऱ्याला गुळाचा तुपकट चुरा लागला असेल. छोटी पडद्यामागून पाहत होती. काकाजींनी हात पुढे केला तर आईच्या पायांना जाऊन बिलगली. "हे कोन?" तिने विचारलं. वैशूने सांगितलं, "आजोबा." मुलीने परत विचारलं, "कोनाचे?"

वैशू उभीच होती. ती म्हणाली, "बाबा, तुमी नाही म्हटलं असतं ना, तं मी भांडली असती. रडली असती, उपास केले असते. तुमी काहीच म्हटलं नाही. दिवाळीपासून फोनजवळ बसून राह्यली मी. आईले इचारलं की ते म्हने, पाहून राह्यले. काय पाहत होते तुमी?"

"मतं घेऊन राह्यलो होतो," काकाजी म्हणाले.

आणि मग ते सगळं बाहेर आलं. ओळखीचे एक तहसीलदार साहेब नको म्हणाले होते, समाजात राहायचं आहे म्हणून. एक वकील हो म्हणाले होते. एकाला एक. तिसरं मत नांदगाव खंडेश्वरच्या थोरल्या चुलतभावाचं, घरातल्या सोयरिकी त्यांच्या शब्दावर ठरत. पण ते महानुभाव पंथाचे, रिद्धपूरला जाऊन राहिले होते. देवाच्या ठिकाणी संसाराचं विचारू नये म्हणून काकाजी थांबले. ते गावी परतल्याचं कळलं, त्या दिवशी पहिल्या एसटीने काकाजी नांदगावला गेले.

"काय म्हणाले मोठे बाबा?" वैशूने विचारलं.

"म्हने, पोरगी खूश असन तं देऊन टाक, मले काय इचारतं?" काकाजी कूलरकडे पाहत होते. "स्टँडवर पेढे घेतले. घरी आलो, तं तुही आई दारात उभी."

मला तो बॉक्स आठवला, आणि मुंग्या आठवल्या. आम्ही सगळ्यांनी त्या माणसाला काय काय म्हटलं होतं.

"मंग हे मले तवाच काहून नाही सांगतलं?"

"फोन लावनार होतो. म्हटलं, आधी इचारून घ्याव, लावाव का नाही. एक जन म्हने लावा. एक जन म्हने पोरीचं चुकलं, तिले लावू द्या."

"अन् तिसरं?"

काकाजींनी मान खाली घातली. "मंग तुही आई गेली."

वैशू आत स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि किती तरी वेळ सुरूच राहिला. उन्हाळ्यात अकोल्यात नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण निखिलने उठून नळ बंद केला नाही. तो बसून राहिला आणि सासऱ्याच्या ताटलीत एकेक अनारसा वाढत राहिला.

माझं काम आटोपून मी संध्याकाळी काकाजींना घ्यायला परत गेले. वैशूचे डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. तिने काकाजींच्या हातात डबा दिला. तो त्यांचा नव्हता. नवा, निळ्या झाकणाचा, आत कुरड्या.

"माहा डबा कुठी हाये?" काकाजींनी विचारलं.

"तो राह्यला इथंच. अन् हा माह्या घरचा हाये. हरवू नका. आनून द्या."

छोटीने दारातून हात हलवला, तोही आईने मनगट धरून हलवला तेव्हा. उतरताना काकाजी प्रत्येक पायरीवर थबकत होते. मी हात धरला.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर बसून ते निळ्या झाकणावरून बोट फिरवत होते. मी म्हटलं, "झालं ना सगळं नीट, काकाजी? आता तरी खूश व्हा."

"खूश हाये ना, ताई." मग निळं झाकण दाबून बसवत म्हणाले, "कापसाची गाडी उभी राह्यते हो. ग्रेड येइपर्यंत यार्डात दिवसच्या दिवस उभी राह्यते. मले वाटलं, पोरगीही राहीन." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "ते राखाडी साडीच्या वक्ती 'बायकोलेच इचारा' म्हननारी बाई खरी तज्ज्ञ होती. मी तिले नावं ठेवली. किती लोकाईले इचारलं मी. जिचं लगन होतं, तिलेच इचाराचं राह्यलं. अन् जिनं तिले जनम देल्ला, ते घरातच पोया लाटत होती, तिलेही नाही इचारलं. आज कुसुम असती तं... जाऊ द्या."

मला वाटलं, आता ते मला काहीतरी विचारतील, आणि या वेळी मी नीट उत्तर देईन. पण त्यांनी विचारलं नाही.

गाडी आली. काकाजी डबा छातीशी धरून उठले आणि समोर आला त्या डब्यात चढून खिडकीशी जाऊन बसले. गाडी बडनेऱ्याला जाते की भुसावळला, हे त्यांनी कोणालाच विचारलं नाही. शेवटी मीच खाली थांबून एका हमालाला विचारून घेतलं.